ओटीपी येत नाही म्हणून कुलूपच काढू नका : ऑफिसचं मेल घरून उघडताना या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या काही फाउंड्र्या आणि मशीन शॉपची मेल मी सांभाळतो. पावसाळा लागला की खानापूर तालुक्यातून हमखास फोन येतो : "सर, ओटीपी येईना झालाय वो. ते टू-स्टेप काढूनच टाका की."

जांबोटी-कणकुंबीकडं रेंज जाते, खरं आहे. पण मग एसएमएस सोडा, टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरचं दुसरं कुलूप, सोडू नका. ऑफिसात असतानाच ऑथेंटिकेटर ॲप जोडून घ्या. त्यातला सहा आकडी कोड मोबाईलमध्येच तयार होतो आणि दर 30 सेकंदांनी बदलतो. त्याला रेंजही लागत नाही, नेटही नाही. तरी 'चुकीचा कोड' म्हणतोय? घड्याळ बघा. एका अकाउंटंट बाईंचा कोड दोन दिवस लागेना. मोबाईल हातात घेतला तर वेळ चार मिनिटं पुढं! 'ऑटोमॅटिक टाइम' सुरू केलं, झालं काम. मोबाईल हरवला तर आत जायला लागणारे रिकव्हरी कोड मात्र कागदावर उतरवून कपाटात ठेवा. त्याच मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवणारे भेटतात, त्यांना काय म्हणावं?

आपण लॉगिन करत नसताना "तुम्हीच आहात का?" असं विचारलं, तर सवयीनं 'होय' दाबू नका. पासवर्ड बहुधा दुसऱ्याच्या हाती लागलाय, तो लगेच बदला.

आणि पासवर्ड बदलला म्हणजे सुटलो, असंही नाही. एका कारखान्यानं तो दोनदा बदलला, तरी बिलांची मेल बाहेर जातच होती. सेटिंगमध्ये एक नियम निघाला : विषयात 'इन्व्हॉइस' असेल ते बाहेरच्या पत्त्यावर पाठवा. पासवर्ड बदलला तरी असा नियम तिथंच राहतो. म्हणून फॉरवर्डिंग, नियम आणि ॲप पासवर्ड (एखाद्या ॲपला मेल उघडायला दिलेला वेगळा पासवर्ड) तिन्ही तपासा आणि सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट करा.

जुनं आउटलुक सारखा पासवर्ड मागतंय? मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर 2022 पासून नुसत्या पासवर्डची जुनी पद्धत बंद करायला घेतली. तोच पासवर्ड दहा वेळा घालून काही होत नाही. आउटलुक नवं घ्या. स्वतःच्या डोमेनचं मेल असेल तर आयमॅपला (सर्व्हरवरून मेल आणायची पद्धत) 993 पोर्ट आणि एसएसएल (मेल वाटेत कुणी वाचू नये म्हणून) लावा. घरून ऑफिसचा पीसी दिसावा म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं 3389 पोर्ट उघडून ठेवणं तर नकोच, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी रस्ता) घ्या.

"आमचं बँक खातं बदललंय" असं मेल आलं, तर पार्टीला जुन्याच नंबरवर फोन करून विचारा. पैसे गेलेच असतील तर आधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930 लावा, मला नंतर.