देव्हाऱ्याचे चार खांब सेम टू सेम: रोटरी टूलसाठी घरगुती डुप्लिकेटर

नक्षीचा एक खांब हाताने कोरून होतो हो, पण चारही सारखे निघायला हवेत ना, तिथे खरी कसोटी. डुप्लिकेटरमध्ये रोटरी टूल (वेगाने फिरणाऱ्या बिटाने कोरणारं हातातलं छोटं मशीन) आणि बोथट पॉइंटर एकाच फ्रेमवर घट्ट बसवतात, पॉइंटर नमुन्यावरून फिरवला की टूल कोऱ्या लाकडावर तसंच हलतं, बस एवढंच.

बरेच जण दोन लाकडं शेजारी ठेवून सायकलच्या चेनने फिरवतात, पण चेन जराशी ढिली पडली की नक्षी सरकलीच. त्यापेक्षा नमुना डावीकडे, कोरं लाकूड उजवीकडे, दोन्ही एका रेषेत, आणि मध्ये 608 बेअरिंगमधून जाणारा 8 मिमीचा एकच दांडा. दांड्याच्या दोन्ही टोकांना चकत्या, त्यातून लाकडात स्क्रू, बाहेरच्या बाजूला टोकदार बोल्टचा टेकू. नमुना फिरवा, दुसरं आपोआप तेवढंच फिरणार.

बेस 18 मिमी मरीन प्लायचा (आयएस 710 हा मरीन प्लायचा मानक क्रमांक बघून घ्या, साधा प्लाय आपल्या कोकणातल्या पावसात फुगतो). मागे, दांड्याला अगदी समांतर, 20 मिमीचा एसएस (स्टेनलेस स्टील) रॉड, 20 सेमीच्या खांबाला 60 सेमी लांब पुरे. त्यावर फ्रेम डावी-उजवीकडे सरकते आणि वर-खाली झुलते. फ्रेमचे बुश (रॉडवर सरकणाऱ्या नळ्या) नायलॉनचे नको, ओल पिऊन फुगतात आणि जुलैत फ्रेम जाम होते. बंदरावर बोटींची कामं करणारा लेथवाला असतोच, त्याच्याकडून गनमेटलचे करून घ्या. फ्रेमला मागून वाळूची बाटली लटकवा म्हणजे टूलचं वजन हातावर येत नाही, वाळू काय आपल्याकडे हवी तेवढी.

आता महत्त्वाचं. 3 मिमी गोल बिट असेल तर पॉइंटरचं टोकही 3 मिमी गोलच हवं, जाड असेल तर लाकूड शिल्लक राहतं, बारीक असेल तर बिट जास्त खोल जातं. पहिल्या हाताला मुद्दाम 5 मिमीचा पॉइंटर लावा, टोक बिटापेक्षा 1 मिमी खाली ठेवून, म्हणजे सगळीकडून 1 मिमी माल राहतो, मग 3 मिमीवाला लावून फिनिश. 3 मिमीवाला लावल्यावर दोन्ही टोकं एका लेव्हलला आहेत का ते असं बघा, खाली सरळ फळी ठेवा, दोन्ही टोकांखाली कागदाचा एकेक चिटोरा, ओढल्यावर दोन्ही सारखेच अडकले पाहिजेत. टूल नाकाजवळ लाकडी क्लॅम्पमध्ये धरा, हवेच्या फटी झाकू नका, मोटर तापते.

लाकूड शिवणीचं घ्या, हलकं असतं, कोरायला मऊ आणि फारसं वाकत नाही. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा आणखी मऊ, पण बिट बोथट झालं की लव उठते. आणि दरवेळी मूळ खांबच नमुना म्हणून लावा, कॉपीची कॉपी काढली की फरक वाढत जातो.

गॉगल, मास्क पाहिजेच. काम झाल्यावर रॉड पुसून शिलाई मशीनचं तेल लावा, खोबरेल नको, ते चिकट होऊन भुसा धरून ठेवतं.