एका टेबलापुरती व्हाइटलिस्ट

महापेच्या आमच्या ऑफिसात हिशेब बघणाऱ्या ताईंना पुरवठादाराची बिलं सारखी स्पॅममध्ये सापडायची. एकीसाठी अख्ख्या सर्व्हरची चाळणी ढिली करू नका. सर्व्हरवर स्पॅम गाळणारा स्पॅमअसॅसिन प्रोग्रॅम असेल तर त्यांच्यापुरतीच व्हाइटलिस्ट, म्हणजे विश्वासाच्या पत्त्यांची यादी, अशी करा:

१. त्यांच्या होम डिरेक्टरीतल्या ‘.स्पॅमअसॅसिन’ फोल्डरात ‘यूजर_प्रेफ्स’ फाइल उघडा.
२. इंग्रजी अक्षरांत ओळ लिहा: ‘व्हाइटलिस्ट_ऑथ’, जागा सोडून पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता.
३. सेव्ह करा. रीस्टार्ट लागत नाही. फक्त मेल तपासायला देताना स्पॅमसीला (मेल स्पॅमअसॅसिनकडे पोचवणारा छोटा प्रोग्रॅम) ‘-यू’ लावून त्यांचं यूजरनेम जातंय ना, ते बघा. बहुतेकदा गाडी इथेच अडते.

मेल जितका संशयास्पद, तितके त्याला गुण जास्त; स्पॅमचा शिक्का मुळात ५ गुणांवर बसतो. या ओळीने १०० वजा होतात. म्हणूनच ‘व्हाइटलिस्ट_फ्रॉम’ टाळा, त्यातून तोतया पत्ताही आत शिरतो. ‘ऑथ’ मात्र एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरंच त्या पत्त्याच्या डोमेनकडून आलाय का, हे पडताळायच्या पद्धती) जुळलं तरच मानतं.