पहिली लेन्स घेण्याआधी स्वतःचे फोटो उघडा

लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने उतरलेली मुलं भेटली की प्रश्न ठरलेला असतो: "दादा, किट लेन्स विकून फिफ्टी घेतो, चालेल ना?" किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएमची झूम, फिफ्टी म्हणजे झूम नसलेली ५० एमएमची. निर्णय आधीच झालेला असतो. कुठल्यातरी व्हिडिओत किट लेन्स म्हणजे कचरा असं ऐकलेलं असतं, माझी फक्त मान हललेली हवी असते. मी उलट विचारतो, मागच्या लग्नातले अल्बमला गेलेले फोटो किती एमएमवर (म्हणजे किती फोकल लेंग्थवर; आकडा लहान तर चौकट रुंद, मोठा तर लांबचं जवळ) काढलेस? याचं उत्तर क्वचितच कुणाकडे असतं.

फिफ्टी चांगलीच लेन्स आहे, माझ्या बॅगेत कायम असते. पण तिच्याबद्दलची मतं कुठून येतात ते बघा. कॅननच्या ५० एमएम एफ/१.८ वर (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड, म्हणजे अ‍ॅपर्चर, मोठं उघडतं) लोक बोलतात तेव्हा दोन वेगळ्या लेन्सची सरमिसळ होते. एक १९९० ची मार्क टू: प्लास्टिकचा माउंट (कॅमेऱ्याला जोडायची कडी), घरघरणारी मोटर, अ‍ॅपर्चरची पाती पाचच. दुसरी २०१५ ची एसटीएम: धातूचा माउंट, सात पाती, बराच शांत फोकस. जुनीच्या तक्रारी नवीच्या नावावर अजून फिरतात. कौतुकाचंही तेच. "फिफ्टीतून डोळ्याला दिसतं तसं दिसतं" हे फिल्मवाल्यांचं आणि फुल फ्रेमवाल्यांचं (फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्यांचं) बोलणं. तुमच्या हातात कॅननची क्रॉप बॉडी, म्हणजे त्याहून लहान सेन्सरचा कॅमेरा, असेल तर १.६ ने गुणा. ५० ची लेन्स ८० सारखी वागते.

आता ही लेन्स मंगल कार्यालयात घेऊन जा. अंतरपाट दूर होतो तेव्हा तुम्ही वधूवरांपासून दोनेक मीटरवर, गुरुजी, करवल्या आणि व्हिडिओवाला यांच्या मधे चेपलेले असता. मागे सरकायची सोय नाही. एवढ्या अंतरावरून फिफ्टीत साधारण नव्वद सेंटिमीटर रुंदीचा तुकडा मावतो. जेमतेम दोन चेहरे. मुलीमागचा मामा, कऱ्हा धरलेली करवली, वरून पडणाऱ्या अक्षता, सगळं चौकटीबाहेर. १८ वर तिथूनच जवळजवळ अडीच मीटर रुंदी मिळते. शिवाय फिफ्टी एफ/१.८ वर उघडी ठेवली, तर इतक्या जवळून फोकसमध्ये राहतो तो दहा-अकरा सेंटिमीटर जाडीचा थर, म्हणजे अर्धी वीत. हार घालताना नवरदेव थोडा पुढे झुकला की त्याच्या मुंडावळ्या लख्ख आणि नवरी धूसर. मग अ‍ॅपर्चर एफ/४ वर आणावंच लागतं, फ्लॅश छताकडे वळवावा लागतो, आणि मग किट लेन्स काही फार मागे राहत नाही.

संध्याकाळी पारडं फिरतं. संगीताचा कार्यक्रम, मंद दिवे, फ्लॅश मारला तर वातावरण मरतं. किट लेन्स ५५ वर एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ/१.८ वर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, म्हणजे आयएसओ (तो चढवला की फोटोत दाणे येतात) ६४०० च्या जागी ६४०. इथे फिफ्टीचे पैसे वसूल होतात. पण तुम्हाला संगीताची कामं मिळतात का? गावाकडची सकाळच्या मुहूर्ताची लग्नं करणाऱ्याला नसतीलही मिळत, आणि हे लेन्सवर व्हिडिओ बनवणाऱ्याला कुठून कळणार?

म्हणून आधी स्वतःचे फोटो उघडा. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाच्या (फोटोसोबत साठवलेल्या माहितीच्या) फिल्टरने फोकल लेंग्थनुसार वर्गवारी होते. लाइटरूम नसेल तर विंडोजच्या फोल्डरमध्ये फोकल लेंग्थचा रकाना लावता येतो. काढलेले सगळे फोटो मोजू नका, गिऱ्हाइकाने अल्बमसाठी निवडलेले तेवढेच घ्या. आणि एक खोच लक्षात ठेवा: झूमची रिंग टोकाला नेऊन सोडायची सवय सगळ्यांना असते, त्यामुळे १८ आणि ५५ चे ढीग नेहमीच मोठे निघतात. ५५ च्या ढिगातले फोटो कापून आणखी जवळ आणलेत का ते बघा. आणले असतील तर लांबची लेन्स खरंच हवी आहे. १८ च्या ढिगातल्या बहुतेक फोटोंच्या कडा छाटल्या असतील, तर लेन्स पुरेशी रुंद आहे, तुम्हीच दोन पावलं पुढे जायला आळस केलात.

अनुभवही फसवतो बरं का. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर सकाळी अकरानंतर १५०-६०० एमएमची लांबची झूम लेन्स घेऊन लांबचे फ्लेमिंगो टिपले की पिसं पुसट येतात आणि माणूस परत येऊन सांगतो, ही लेन्स ६०० ला सॉफ्ट आहे. तापलेल्या हवेची थरथर मधे असते, त्यापुढे महागातली महाग लेन्सही हात टेकते. तीच लेन्स, तेवढ्याच अंतरावरून, सूर्य नुकता वर आल्यावर वापरून बघा, मग बोला. लग्नातही शटर १/३० सेकंदावर ठेवून हललेल्या फोटोंचं खापर लेन्सवर फुटताना रोज दिसतं.

लेन्समध्ये खरंच दोष आहे का, याची घरची चाचणी साधी. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीला सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर भिंतीला अगदी समोरासमोर लावा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर) मोठं करून फोकस करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर सोडून द्या, अक्षता पडताना कोपरे कोणी तपासत नाही. एकच कोपरा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वाईट असेल तर मात्र आतली भिंगं सरकलेली असू शकतात. नवी असेल तर बदलून मागा, जुनी असेल तर घेऊ नका.

दुसऱ्यांचं ऐकायचं कधी? बसते की नाही, चालते की नाही, असल्या प्रश्नांवर जरूर ऐका. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते. स्वस्तात मिळते म्हणून जुनी, स्वतःची मोटर नसलेली ५० एफ/१.८ डी घेतलीत तर फोकस हातानेच करत बसाल. एएफ-एस ५० एफ/१.८ जी घेतली तर ती अडचण नाही. हे शोधायला स्वतःचे पैसे घालवायची गरज नाही.

नवी लेन्स भाड्याने आणून साखरपुड्याला वापरा, थेट लग्नाला नको. सीनियरकडे सेकंड शूटर म्हणून जात असाल तर त्याची लेन्स दहा मिनिटं मागून घ्या, बहुतेक जण देतात.

८५ ची लेन्स घ्यायला मला लोक सतत सांगतात. क्रॉप बॉडी उभी धरून जोडप्याची पूर्ण उंची तिच्यात बसवायची तर सात-आठ मीटर मागे जावं लागतं. मी ज्या कार्यालयांत काम करतो तिथे सात मीटरवर नवऱ्याकडच्या काकांच्या खुर्च्या असतात. तुमची कामं हायवेवरच्या लॉन्सवर असतील तर खुशाल घ्या.