विद्यापीठाच्या कामाला जळगावला मुक्काम करताय? या चुका टाळा

साक्रीचा माझा भाचा पीएचडीच्या मौखिक परीक्षेसाठी जळगावला आला, तेव्हा खोली त्यानं मोबाइलवरच ठरवली होती. "मामा, एकदम मध्यवस्तीत मिळाली. स्टेशन जवळ, विद्यापीठही जवळच दाखवतंय." परीक्षा साडेदहाची. हा पावणेदहाला नव्या पेठेतून रिक्षात बसला. रिक्षावाल्यानं मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, विद्यापीठ ते नदीना पल्याड शे!"

गंमत म्हणजे आदल्या संध्याकाळी त्याची एसटी विद्यापीठाच्या फाटकावरूनच गेली होती. धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी असं येणाऱ्याला विद्यापीठ आधी लागतं, मग बांभोरीचा गिरणेवरचा पूल आणि मग जळगाव. पण तेव्हा हा खिडकीला डोकं टेकून झोपलेला.

बाहेरगावचे लोक सगळ्यात जास्त इथंच फसतात. पुण्यात विद्यापीठ म्हटलं की आजूबाजूला शहर असतं, तसंच जळगावातही असेल असं धरून चालतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ शहराच्या पश्चिमेला, महामार्गालगत, साधारण 650 एकरांवर पसरलेलं आहे. स्टेशनपासून आठ-नऊ किलोमीटर धरा. 1990 साली स्थापना झाली तेव्हा नाव नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं, बहिणाबाईंचं नाव 2018 साली लागलं. त्यामुळे हॉटेलांच्या जुन्या माहितीत कधी हे नाव दिसतं, कधी ते. दोन वेगळी ठिकाणं समजू नका. बुकिंगच्या अ‍ॅपवरचं अंतरही बऱ्याचदा पक्ष्यानं उडत जायचं असतं. मधली नदी, पूल आणि त्यावरच्या ट्रकांची रांग त्यात धरलेली नसते. म्हणून खोली ठरवण्याआधी नकाशावर हॉटेल ते विद्यापीठ असा रस्त्याचा मार्ग टाकून बघा, तोही सकाळी दहाच्या सुमारास.

मग राहायचं कुठं? काम फक्त विद्यापीठात असेल तर माझं मत सरळ आहे: गोलाणी मार्केट, फुले मार्केट, नवी पेठ यांचा मोह सोडा. महामार्गाच्या बाजूला, प्रभात चौक ते खोटेनगर या पट्ट्यात किंवा त्याच्या जवळपास खोली बघा. सकाळी शहरातून बाहेर पडायची कटकट वाचते. धरणगाव, एरंडोल, अमळनेरकडची एसटी विद्यापीठावरून जाते, पण चढण्याआधी वाहकाला "विद्यापीठाला थांबते का?" हे विचाराच; विनाथांबा गाडी पुढे घेऊन जाईल. फाटकावर उतरल्यावरही आतली पायपीट उरते, ती वेळेत धरा. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी आपल्या विभागाकडे विद्यापीठाच्या अतिथिगृहाची चौकशी करावी. जागा मिळाली तर उत्तमच.

मध्यवस्तीत राहण्यात अर्थ कधी आहे, तर सोबत घरची मंडळी असतील, सराफ बाजारातून काही घ्यायचं असेल, किंवा पहाटेची गाडी पकडायची असेल तेव्हा. अजिंठा आणि गांधीतीर्थ (गांधीजींवरचं संग्रहालय) एकाच फेरीत उरकायचं असेल तरी मध्यवस्तीच बरी, कारण दोन्ही विद्यापीठाच्या वाटेवर नाहीत. फक्त सोमवार धरू नका, लेणी बंद असतात.

आता उन्हाळ्याचं. निकाल, पुनर्मूल्यांकन, प्रवेश यांसाठी लोक मे-जूनमध्येच येतात, आणि मे महिन्यात इथं पारा 45 च्या आसपास असतो. मीच एकदा पैसे वाचवायला एका लॉजवर सगळ्यात वरच्या मजल्यावरची कूलरची खोली घेतली. डोक्यावर उघडा स्लॅब. खोलीला एकच खिडकी, आणि तिच्यातच कूलर बसवलेला. हवा बाहेर जायला वाटच नाही, त्यामुळे तासाभरात चादर ओलसर झाली आणि अंग चिकट. कूलर बंद केला तर भट्टी. दुपारी तोंड धुवायला नळ सोडला, तर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देऊन गेलं. तेव्हापासून मी तीनच गोष्टी विचारतो: वरचा मजला आहे का, कूलर असेल तर समोरच्या बाजूला दुसरी खिडकी उघडते का, आणि वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा? तिसऱ्या प्रश्नाला काउंटरवरचा माणूस थोडा थांबला, की समजायचं. आणि अशा खोलीत अडकलातच तर रात्री बादली भरून ठेवा. सकाळी पाणी गार मिळतं.

रात्रीच्या गाडीनं येणारे तारखेत चुकतात. गाडी 15 तारखेच्या पहाटे तीनला पोचणार, म्हणून 15 ची खोली घेतली, तर ती दुपारी बारानंतर हातात येते. बुकिंग 14 चं करा आणि फोन करून सांगा की येणं पहाटे आहे. नाहीतर आला नाही म्हणून खोली दुसऱ्याला गेलेली असते. काही लॉजवर मात्र चोवीस तासांचा हिशेब असतो, आलात त्या वेळेपासून. कोणता हिशेब आहे हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. आणि तिकीट नीट बघा: काही गाड्या जळगावला थांबत नाहीत, भुसावळला उतरावं लागतं. तिथून जळगाव पंचवीस किलोमीटर आणि विद्यापीठ त्याहून पुढे, दुसऱ्या टोकाला.

लग्नाची दाट तिथी असेल तर हॉटेलच्या खाली हॉल किंवा लॉन आहे का ते विचारा. असेल तर वरात संपेपर्यंत अभ्यास विसरा.

ओळखपत्राचा घोळही होतो. काही ठिकाणी जळगावचाच पत्ता असलेल्या आधारवर खोली देत नाहीत. शिकायला जळगावात राहून तिथला पत्ता लावलेल्या पोरापोरींना याचा हमखास फटका बसतो, तोही सामान घेऊन काउंटरवर उभं राहिल्यावर. आधी फोनवर विचारा. झेरॉक्स द्यायचीच असेल तर शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या.

प्रवासभत्ता मागायचा असेल तर निघताना नाव आणि तारखा नीट घातलेलं पक्कं बिल घ्या. रोज 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के जीएसटी आहे. बिलावर जुने 12 टक्के दिसले तर तिथंच बोला.

राहिलं जेवण. फलकावर नुसतं "हॉटेल" लिहिलेलं असेल तर तिथं खोली मिळेलच असं नाही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे आधी चहा-नाश्ता, खोलीसाठी "लॉजिंग" शोधा. भाच्यानं दुसऱ्या एका खेपेला रात्री अकराला बॅग घेऊन अशाच एका हॉटेलात खोली मागितली होती. मालकानं त्याला आधी बसवून शेवभाजी खाऊ घातली आणि मग लॉजचा रस्ता दाखवला.