पाखरांसाठी परसातील झुडपांची निवड
विदर्भातील परसात पाखरांसाठी झुडूप निवडताना, पाणवठे आटतात त्या दिवसांत ते काय देईल, हे आधी पाहावे. माझी पहिली पसंती फालशाला आहे. पाने झडल्यावर, जानेवारीत, त्याची छाटणी करून उंची कमरेएवढी ठेवावी, कारण पिवळी फुले नव्या फुटीवर येतात आणि मे महिन्यात जांभळी, आंबटगोड फळे पिकू लागली की बुलबुल पहाटेपासून फांद्यांना लोंबकळू लागतात. सगळी फळे तोडू नयेत. वरच्या फांद्या पाखरांच्या समजाव्यात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये धायटीच्या लाल, नळीसारख्या फुलांवर शिंजीर (सूर्यपक्षी) आणि मधमाश्या येतात. तिला निचऱ्याची, मुरमाड जमीन लागते. काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून मृगाचा पाऊस झाल्यावर मुरूम व शेणखत मिसळून फूटभर उंचवटा करावा आणि त्यावर दोन ते तीन मीटर अंतराने रोपे लावावीत.

घाणेरी फुलपाखरांना आवडत असली तरी लावू नये. ती परदेशी असून रानभर पसरते. कुंपणाशी गोडनिंब (कढीपत्ता) मात्र असू द्यावा, आणि त्याच्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळल्यास फवारणी करू नये, कारण तिचेच पुढे काळे मॉर्मन फुलपाखरू होते.