एबीएसची लाईट लागून राहतेय? सेन्सर बदलायच्या आधी एवढं बघा

पाऊस पडला की आपल्या मराठवाड्यात पांदण रस्त्यानं शेतात गाडी नेणाऱ्याला डॅशबोर्डवर एबीएसची (ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ही पिवळी लाईट कधी ना कधी दिसतेच. घाबरायचं काम नाही, साधा ब्रेक लागतोच, फक्त जोरात दाबला तर चाक लॉक होऊन गाडी घसरू शकते म्हणून हळू चालवा. पण सोबत ब्रेकची लाल लाईट पण असंल तर गाडी पुढं नेऊच नका, हँडब्रेक खाली आहे का आणि ब्रेक ऑइल किती आहे ते बघा.

आधी चावी ऑन करा, स्टार्टर मारू नका. एबीएसची लाईट लागून काही सेकंदात विझली पाहिजे. लागलीच नाही तर लाईटच गेलीय, नाहीतर कुणीतरी फॉल्ट लपवायला मुद्दाम बंद केलीय, सेकंड हँड गाडी घेताना हे बघाच. आणि विझून गाडी जरा हलली की परत लागत असंल तर बहुतेक चाकाचा वेग मोजणारा सेन्सर.

आता खरं काम. सपाट जागी दगड लावून जॅक मारा, चाक काढा. हबजवळ (चाक ज्यावर बसतं तो भाग) बोटाएवढा सेन्सर आणि त्याची वायर दिसंल. आपली काळी माती तिथं गच्च बसती आणि वाळली की सिमेंटच होती, पाणी मारून जुन्या टूथब्रशनं हळू काढा, स्क्रू ड्रायव्हरनं खरडू नका. मग वायर हातानं चाचपत शेवटपर्यंत जा, स्टिअरिंग वळवल्यावर जिथं ती वाकते तिथंच आतून तुटते, आणि उसाच्या फडाजवळ गाडी लावत असाल तर उंदरानं कुरतडलीय का तेपण बघा. कनेक्टर काढून आत हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

तरी लाईट जाईना तर स्कॅनर (गाडीतले फॉल्टचे कोड वाचायचं यंत्र) लावा, पण मोबाईलला जोडायचे स्वस्तातले ब्लूटूथवाले बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात राव, एबीएस वाचणारा असलेलं गॅरेज शोधा. सी००३५ हा कोड आला तर पुढचं डावं चाक. मेकॅनिक लगेच नवा सेन्सर सांगंल, त्याला आधी मल्टीमीटर लावून वायर तपासायला लावा.

आणि लाईट जर चाकाचं बेअरिंग बदलल्यापासूनच लागत असंल तर बेअरिंग उलटं बसवलंय का विचारा. बऱ्याच गाड्यांत त्याच्या एका बाजूला मॅग्नेटची रिंग असते, ती सेन्सरकडंच पाहिजे, दुसऱ्या बाजूला गेली की कितीबी सेन्सर बदला, लाईट तशीच.