गोलाईचं लाकूड चिकटवताना या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात घरोघरी मखराचं काम निघतं आणि महिरपीची कमान चिकटवायला बसलेला हौशी माणूस तिथेच अडतो. सरळ फळी क्लॅम्पमध्ये, म्हणजे सांधा आवळून धरणाऱ्या शिकंज्यात, निमूट बसते. कमानीवरून मात्र क्लॅम्प आवळताच घसरतो, सांधा सरकतो आणि सकाळी पाहावं तर फट. बहुतेक जण फेविकॉलला दोष देतात. फेविकॉल बिचारा ठीक असतो, चुकलेली असते ती दाबाची दिशा.

दाब सांध्यावर काटकोनात पडायला हवा. त्यासाठी क्लॅम्पच्या दोन्ही जबड्यांना टेकायला समोरासमोर दोन समांतर जागा लागतात. गोल तुकड्यात त्या नसतात, म्हणून त्या आपणच तयार करायच्या. घरगुती साच्यांची सगळी विद्या यातच आहे.

तुकडे जोडून कमान करताना पहिली चूक होते ती गोलाई आधी कापण्याची. आधी सरळ कडांचेच तुकडे कोनात जोडा, वाळू द्या आणि मग जिगसॉने, म्हणजे विजेच्या बारीक करवतीने, गोलाई काढा. सरळ कडा आहेत तोवर क्लॅम्प सुखाने बसतो. तुकडे आधीच कापून झाले असतील, तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना बाहेरून त्रिकोणी गुटके, म्हणजे लाकडाचे छोटे ठोकळे, चिकटवा, मात्र लाकूड आणि गुटका यांच्यामध्ये ब्राउन पेपरचा एक थर ठेवा. गुटक्यांच्या कडा सांध्याला समांतर ठेवल्या की क्लॅम्पला जागा मिळाली. काम झाल्यावर पटाशीचा हलका ठोका दिला की कागद मधोमध फाटतो आणि गुटका सुटतो. उरलेला कागद रंध्याने किंवा पॉलिश पेपरने काढा. अशा सांध्यांत रेशांची टोकं सरस पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात द्या, तो जरा मुरला की दुसरा. मखरासाठी एवढं पुरतं. वजन पेलणारी कमान असेल तर दोन थर करा आणि विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवून ठेवा.

पातळ पट्ट्या वाकवून चिकटवताना साच्यातली चूक नडते. एका फळीवर एकच रेघ मारून दोन भाग केले आणि तेच आतला-बाहेरचा साचा म्हणून वापरले, तर मध्ये पट्ट्या घातल्यावर ते कधीच नीट जुळत नाहीत. आतल्या साच्याची त्रिज्या ३०० मिमी आणि पट्ट्यांची एकूण जाडी २० मिमी असेल, तर बाहेरचा साचा ३२० मिमीचाच हवा. दोन रेघा मारा आणि मधली पट्टी कापून टाका.

पट्ट्या थोड्या आणि जाड घेतल्या तर क्लॅम्प सोडताच गोलाई उघडते. ढोबळ हिशेब असा की थरांच्या संख्येचा वर्ग करा, गोलाई साधारण तितक्या भागातला एक भाग मागे जाते. २ थर असतील तर पाव, ४ असतील तर सोळावा भाग. म्हणून पट्ट्या पातळ करा आणि साचा थोडा जास्त वाकडा ठेवा. खुर्चीच्या पाठीसारख्या कायम ताणात राहणाऱ्या कामाला फेविकॉलसारखा साधा पांढरा सरस सावकाश सरकतो, तिथे दोन भाग मिसळून लावायचं इपॉक्सी बरं. पण इपॉक्सी जोरात आवळू नका. ते सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो.

क्लॅम्प किती अंतरावर लावायचे? दाब जबड्यापासून साधारण ४५ अंशांत पसरतो. जबडा आणि काम यांच्यामधला ठोकळा ५० मिमी जाड असेल, तर दोन क्लॅम्पमधलं अंतर १०० मिमीपेक्षा जास्त नको. पातळ रीप ठेवून चार क्लॅम्प ठोकले तर मधल्या भागात दाब पोचतच नाही.

आता दोरी आणि सायकलची ट्यूब. मला ही साधनं फार प्रिय आहेत, कारण ती गोलाईवर जागच्या जागी आतल्या दिशेने दाबतात. दोरीत काय ताकद असते हे पाहायचं तर भारतीय नौदलाचं ‘कौंडिण्य’ आठवा. अजिंठ्याच्या चित्रावरून आखलेलं, गोव्यात बांधलेलं हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. आपल्या कामात सुंभाचे दोन वेढे देऊन त्यात काठी अडकवून पीळ द्या, किंवा जुनी ट्यूब उभी कापून ताणत गुंडाळा. प्रत्येक वेढ्याने दाब वाढतो.

पण इथेच मोठी चूक होते. दोरीचा दाब गोलाईवर अवलंबून असतो. गोलाई जितकी घट्ट, तितका दाब जास्त. सपाट भागावर तो जवळजवळ शून्य असतो, आणि आत वळलेल्या भागावर तर दोरी पुलासारखी वरून निघून जाते. नागमोडी तुकड्यावर नुसती ट्यूब गुंडाळून काहीच साधत नाही. खोलगट जागी आधी त्या आकाराचा गुटका किंवा वाळूची छोटी पिशवी ठेवा, मग त्यावरून वेढे घ्या. कामाची गोलाई कापताना जी फेकण्याची तुकडी निघते, ती फेकू नका. तिची कड त्याच गोलाईची असते.

साच्याला चिकटपट्टी लावा, नाहीतर काम साच्यालाच चिकटेल. वर्तमानपत्र उपयोगाचं नाही.

पावसाळ्यात आपल्याकडची हवा लाकूड सुकू देत नाही. ८५ टक्के आर्द्रतेत उघडं राहिलेलं लाकूड १७-१८ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं. ते तसंच चिकटवलं की उन्हाळ्यात आकसून सांधा ताणला जातो. पट्ट्या आधी काही दिवस घरातल्या कोरड्या खोलीत रचून ठेवा आणि क्लॅम्प पूर्ण २४ तास राहू द्या. सागाला तेल असतं, तेव्हा सरस लावण्याआधी लगेच थिनरने पुसा.

सरस न लावता एकदा सगळं आवळून बघा. क्लॅम्प मधून टोकांकडे आवळत जा. उलट केलं तर मध्ये फुगवटा अडकतो.

इतकं करूनही फट दिसली तर जागा पाहा. मध्ये फट आणि टोकं घट्ट असतील, तर साचा जुळत नाही. एकाच कडेला उघडलं असेल, तर क्लॅम्पची रेघ सांध्याच्या मधून जात नव्हती. कुठेच सरस बाहेर आला नसेल, तर तो कमी पडला किंवा दाब देण्याआधीच वाळला. मखरावर भुसा-सरसाने फट बुजवली तर चालेल. खुर्चीवर चालणार नाही. पांढरा सरस असेल तर सांध्यावर व्हिनेगरचं ओलं कापड ठेवून इस्त्रीची ऊब द्या, सावकाश उघडा आणि जुना सरस लाकूड दिसेपर्यंत खरवडून काढा. वाळलेल्या सरसावर नवा नीट धरत नाही.